सातवं पोर्ट

गोडदेव, भाईंदर पूर्व
रविवार, सकाळ

प्रिय क्षितिजा,

माझं अक्षर बघून आधी तुला हसू येईल. चार वर्षांच्या संसारात मी तुला किराण्याची यादीसुद्धा कधी हाताने लिहून दिली नाही, सगळं मोबाईलवर. पण मोबाईलवरून तू मला काढून टाकलंयस, आणि ते बरोबरच केलंस. म्हणून हा कागद अथर्वच्या हाती देतोय. घेतो म्हणाला, ताईला देईनच असं म्हणाला नाही. तुझा भाऊ आहे, त्याने असंच वागायला हवं. गोडदेवहून मीरा रोडला रिक्षाने वीस मिनिटं लागतात आणि आठ महिन्यांत मला तेवढं जमलं नाही. एकदा तुमच्या बिल्डिंगखालच्या डेअरीपर्यंत आलो होतो. अर्धा लिटर दूध घेतलं आणि परत फिरलो. आपल्या गल्लीत दूध मिळत नाही असं वाटेल कुणालाही.

घरचं सांगायचं तर आईचा खालचा मजला बंदच आहे. संचितावहिनी सकाळी उघडून केर काढते, दिवा लावते, परत कडी लावते. जितेशदादाला तो मजला एका क्लासवाल्याला भाड्याने द्यायचाय. त्यासाठी क्लासचं नेटवर्क वेगळं करून दे म्हणून तो माझ्या मागे लागलाय आणि मी उद्या करतो, परवा करतो असं चालवलंय. मी वरच्या मजल्यावर एकटा. तू शिकवलेली आमटी करतो, ती दरवेळी वेगळीच होते. एवढं पाल्हाळ कशासाठी, तर मुद्द्यावर यायला भीती वाटतेय. आई गेली त्या दुपारी घरात तू एकटी होतीस. आईने बेल तीनदा दाबूनही तू खाली आली नाहीस, असं आमच्या घराने ठरवलं. तू सांगत राहिलीस की बेल वाजलीच नाही. तुझं कुणी ऐकलं नाही, मीही नाही. त्या बेलबद्दलच लिहायचंय.

सुरुवात तुला आठवतच असेल. आपल्या लग्नाला सहा महिने झाले होते. सगळ्या घराला एकच वायफाय, आणि एका संध्याकाळी तू आपल्या टीव्हीवर लावलेला ‘सासूशी जमवून कसं घ्यावं’ हा व्हिडिओ चुकून वहिनीच्या टीव्हीवर सुरू झाला. समोर आई बसलेली. तिने तो अख्खा बघितला आणि रात्री जेवताना तुला अगदी साळसूदपणे विचारलं, “मंग, जमलं का?” तू ताटातून मान वर केली नव्हतीस. दुसऱ्याच दिवशी तू मला सांगितलंस, तुझ्या नोकरीचा घराला काही उपयोग असेल तर आता दाखव.

तेव्हा मी ते सगळं केलं. आबांनी मिठागराच्या जमिनीच्या पैशातून बांधलेल्या या घराच्या भिंती अशा जाड की वायफाय पायरीवरच अडकायचं. म्हणून प्रत्येक मजल्याच्या छताला वायफायची एक पांढरी तबकडी, तिन्ही आपापसात बोलणाऱ्या, आणि प्रत्येक मजल्यावर एक एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे जुळतात तो डबा. रविवारभर तू शिडी धरून उभी होतीस. खाडीच्या दमट हवेने तारांवरची कागदी लेबलं गळून पडतील हे तुलाच सुचलं, आणि तू तुझ्या नेलपॉलिशने तारांना रंग दिलेस. दादाची लाल, आपली मोतिया, आईची जांभळी. व्हीलॅन म्हणजे काय ते मी तुला समजावलं, की तार एकच, पण तिच्यातून जाणारी घरं वेगळी. स्विचच्या ज्या भोकाला, म्हणजे पोर्टला, ज्या घराचा आकडा द्यावा, तिथे लावलेली वस्तू त्याच घरातली होते. दादाचं घर दहा नंबर, आपलं वीस, आणि कॅमेरे-बिमेरे तीस नंबरमध्ये. एकाच छपराखाली राहतात पण एकमेकांना दिसत नाहीत. तू म्हणालीस, म्हणजे जावा. मी शिडीवरून पडता पडता वाचलो. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी अजून तसंच शिकवतो. हल्ली शिकवता शिकवता मध्येच थांबतो.

पुढे दोन वर्षांनी चुली वेगळ्या झाल्या. भांडण असं काही नव्हतं, दादाच्या कामाच्या पाळ्या आणि आपल्या ऑफिसच्या वेळा यांचा मेळ बसेना. आईला सांगायचं कुणी यावरून दोघा भावांची चुळबूळ चालली होती आणि आईला ते आधीच कळलेलं. तिची एकच अट होती, “तुमी येगलं रांदा, येगलं खावा, माजी ना न्हाय. पन माजी बेल सगल्या घरांत वाजली पायजे.” तेव्हा नुकताच तिच्या छातीचा पहिला झटका होऊन गेला होता. मी तिच्या गळ्यातल्या माळेला ते लहान बटण अडकवलं आणि दोन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक एक डबी बसवली. बटण खाली दाबलं की डब्या वर वाजायच्या. बटण तीस नंबरचं, डब्याही तीस नंबरच्या. सगळं घर वेगळं केलं, ही एक गोष्ट तेवढी एकत्र ठेवली. तिचं म्हणणं मी अगदी शब्दशः पाळलं होतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता, तू बघितलायस.

एक रीतही पाडली होती आपण. मी नेटवर्कमध्ये कुठेही हात घातला, अगदी पासवर्ड बदलला तरी शेवटी आईने बेल दाबायची, आणि दोन्ही मजल्यांवरून “ओ” यायला हवी. दादाकडून एक ओ, आपल्याकडून एक ओ, मग मी लॅपटॉप बंद करायचो. आईला त्याची एवढी गंमत की ती मग काम नसतानाही ओ मागायची. भात लावला का, पाऊस आहे का, समोरच्या बिल्डिंगीत कोण भांडतंय. त्या शनिवारी तर तिने तुला अकरा वेळा बोलावलं. तुझी नवी नोकरी सोमवारी सुरू व्हायची होती, घरूनच काम, पहिल्या दिवशी ट्रेनिंग, आणि उत्तनजवळच्या डोंगरीला नात्यातल्या लग्नाला येता येणार नाही म्हणून आत्याने तुला आधीच चार शब्द ऐकवलेले. अकराव्या वेळी तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, “ही बेल मी एक दिवस काढून टाकणार आहे.” दादाने ऐकलं, वहिनीने ऐकलं, गेटात उभ्या असलेल्या अंबिकाआत्यानेही ऐकलं. आणि आईने खालून काय उत्तर दिलं ते त्या सगळ्यांनी ऐकलं होतं, पण नंतर एकालाही आठवलं नाही. ती हसत म्हणाली होती, “काढ बाय, पन आदी मना काढ, मंग बेल काढ.” तूही हसलीस आणि खाली जाऊन तिच्या पायांना तेल लावून दिलंस. हे मला आठवत होतं. मी बोललो नाही.

आता रविवार. हा रविवार मी आठ महिने रोज जगतोय. तुझ्या ट्रेनिंगचा कॉल वायफायवर अडकायला नको म्हणून मी तुझ्या टेबलापर्यंत तार ओढायची ठरवली. जुन्या स्विचवर जागा नव्हती, म्हणून ऑफिसातून आणलेला मोठा स्विच आपल्या मजल्यावर बसवला. नव्या स्विचला घरांचे आकडे आपण द्यावे लागतात, नाही दिले तर ते पोर्ट कुठल्याच घरचं नसतं, नुसतं ओसरीवर बसलेलं असतं. मी एकेक करून भरत गेलो. बेलची डबी आधी सहा नंबरच्या पोर्टात होती. तुझी तार तिथपर्यंतच पोचत होती, म्हणून सहावं तुला दिलं, त्याचा आकडा वीस केला, आणि बेलची तार काढून सातव्यात खोचली. तेवढ्यात खालून दादाने हाक मारली, हळदीला उशीर होतोय, उत्तनची वाट संध्याकाळी तुंबते. सातव्या पोर्टाशेजारी हिरवा दिवा लागलेला दिसला. लॅपटॉपवर बघितलं, बेलची डबी चालू दाखवत होती. खाली उतरलो तर आईचा डोळा लागला होता. तिला उठवून बेल दाबायला लावायची होती. झोपू दे म्हटलं, उद्या बघू, आणि चपला घालून निघालो. तुला कळलं असेल, क्षितिजा. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, तुला या वाक्यापर्यंत नक्की कळलं असेल.

सोमवारी आम्ही सगळे डोंगरीला लग्नात. आईला दम लागतो म्हणून ती घरी, तू वर तुझ्या ट्रेनिंगमध्ये. चार वाजायला दहा मिनिटं असताना तुझा फोन आला. मांडवात बेंजो एवढ्या जोरात चाललेला की मला तुझं पहिलं वाक्य कळलंच नाही, मी “काय? काय?” करत राहिलो आणि तुला ते परत सांगावं लागलं. चहा घेऊन तू खाली गेलीस आणि आई पलंगापाशी जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. आमच्या घराने ते उचललं.

आईच्या मुठीत बटण होतं. दादाने सगळ्यांसमोर मला विचारलं, बेल दाबली होती का ते दिसतं का तुझ्या त्या मशिनीत? मी लॅपटॉप उघडला. एक बावन्न, एक त्रेपन्न आणि एक अठ्ठावन्न. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्याने विचारलं, वरची बेल चालू होती का, आणि मी हिरवा ठिपका बघून हो म्हणालो. तू दाराशी उभी होतीस, डोळे सुजलेले, कानाला लावायचं ते अजून गळ्यात लोंबतंय. तू म्हणालीस, स्वप्नील, खरंच वाजली नाही रे. तुझ्या गळ्यातल्या त्या वस्तूकडे सगळ्यांनी बघितलं. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी परत लॅपटॉपकडे बघितलं. तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं, एवढं एक माझ्या बाजूने लिहितो. पुढचं माझ्या बाजूने काहीच नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या आणि सदूमामा खाली केळीच्या पानांवरून वाद घालत होते आणि मी सुटका म्हणून वर येऊन स्विचची यादी उघडून बसलो. दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी हेच करतो, तुला ठाऊक आहे. एक ते पाच, वीस. सहा, वीस. सात, रिकामं. मी तीनदा वाचलं. डबीला नेट मिळत होतं म्हणून ती चालू दिसत होती, दिवा हिरवा होता, पण आईचं बटण तीस नंबरच्या घरात आणि डबी ओसरीवर. दोघांची भेटच नव्हती. तुझ्या स्वयंपाकघरातली ती डबी त्या दुपारी मुकी होती, आणि तिला मुकी मी केली होती. वाजली ती फक्त दादाकडची, बंद दारं आणि जाड भिंतींआड, रिकाम्या घरात. आता ऐक, मग मी काय केलं. मी सातव्यासमोर तीस भरलं आणि सेव्ह केलं. चूक दिसली की दुरुस्त करायची ही कामाची सवय, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. खोटं आहे. चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी दादा पहिल्यांदा रडला. आईच्या पलंगावर बसून, लहान मुलासारखा, आणि मला मिठी मारून म्हणाला, आपण दोघेच राहिलो. त्याला तेव्हा सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी दहावं, मग बारावं. प्रत्येक दिवस म्हणायचा, आज नको.

तेराव्याला जेवणं झाल्यावर आत्याने सगळ्या पाहुण्यांसमोर तुझा विषय काढला आणि तू परत तेच म्हणालीस, वाजली नव्हती. दादा उठला. त्याने खुंटीवरची आईची माळ काढली आणि बटण दाबलं. दादाच्या आणि वर आपल्या स्वयंपाकघरात बेल खणखणीत वाजली. सगळी दारं उघडी होती, खाली बसलेल्या चाळीस माणसांनी ऐकली. “वाजते की,” तो म्हणाला. तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलेन, इंजिनियर माणूस, काहीतरी कारण सांगेन म्हणून. माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी सदूमामाच्या पेल्यात पाणी ओतत राहिलो, ते पानावर सांडलं तरी ओतत राहिलो. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. मी जिन्यात आडवा आलो नाही, कारण आडवा आलो असतो तर तू विचारलं असतंस आणि मला सांगावं लागलं असतं. तू गेल्याचं मला दुःख झालं, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. एवढा मी हलका माणूस आहे. तुला हे माहीत असावं.

एक त्रेपन्न आणि एक अठ्ठावन्न यांच्यामध्ये पाच मिनिटं आहेत. तेवढा वेळ आई वरून ओ येईल म्हणून थांबली होती. कशीही बाजू बदलून झोपलो तरी मी त्या पाच मिनिटांपाशीच येतो. आणि त्याच पाच मिनिटांत वर तू टेबलाशी बसून, मी प्रेमाने ओढलेल्या तारेवर, नवीन साहेबांना नाव-गाव सांगत होतीस.

या मंगळवारी मी दादाला, वहिनीला आणि आत्याला वर बोलावलं आणि सांगितलं. स्विच उघडून दाखवला, सातवं पोर्ट दाखवलं, ते पुन्हा रिकामं केलं आणि दादाला म्हटलं, आता दाब. दिवा हिरवाच राहिला, खालून दादाकडची बेल ऐकू आली, आणि आपली वाजली नाही. आत्या पदराने तोंड पुसत बसली. दादा उठला, खाली गेला, आईच्या खोलीची कडी काढली आणि आत जाऊन बसला. आज पाच दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. माझी चूल तेव्हापासून बंद आहे, जेवायचं ताट वहिनी वर पाठवते, त्यावरून एवढंच कळतं की अजून घरातून काढलेलं नाही. वहिनी तेवढी बोलली. “आमाला काय सांगतो? तिला सांग,” म्हणाली. क्लासवाल्याच्या त्या नेटवर्कचं आता घरात कुणी नाव काढत नाही.

आता तुला वाटेल, आठ महिने गप्प बसलेल्या माणसाला अचानक कंठ कसा फुटला. गेल्या रविवारी अथर्व आला होता. घरात ये म्हटलं तर आला नाही, गेटाशीच उभा राहिला. तू कान तपासून घेतलेस असं त्याने सांगितलं, एकदा मीरा रोडला आणि मग परत बोरिवलीला, मोठ्या डॉक्टरांकडे. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. घरी आल्यावर तू ते रिपोर्ट टेबलावर ठेवलेस आणि त्याला म्हणालीस, “कान चांगले आहेत. म्हणजे मला ऐकू आली असणार, आणि मीच गेले नसणार.” हल्ली तू हेच म्हणतेस, असं अथर्व म्हणाला, आणि अगदी शांतपणे म्हणतेस. क्षितिजा, बायको परत यावी म्हणून हे लिहिलेलं नाही, माफीसाठीही नाही. वकिलाचे कागद पाठव, जिथे सांगशील तिथे सही करेन. हे पत्र मात्र फाडू नकोस. तुझ्या आईला दाखव, डॉक्टरांना दाखव, ज्याला दाखवावंसं वाटेल त्याला दाखव, खाली माझं नाव आहे. तुझे कान चांगले आहेत. तू चांगली आहेस. तू त्या दुपारी ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाहीस. बेल वाजली नव्हती.

‘तुझाच’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता,
स्वप्नील